खाऱ्या पाण्याच्या गावचे देऊळ

वऱ्हाडातल्या मुसलमानाने देऊळ पाहायला जाणे ही गोष्ट आजकाल साधी राहिलेली नाही. दोन्हीकडचे लोक विचारतात. आपले तोंडावर विचारतात, "वहाँ तुम्हारा क्या काम?" तिकडचे तोंडाने विचारत नाहीत, नजरेने विचारतात. पूर्वी असे नव्हते म्हणण्याचा मोह होतो खरा, पण पूर्वी तरी कोण जात होते? जायचे ते यात्रेत, पाळण्यासाठी आणि रेवड्यांसाठी. देऊळ हे दगडाचे काम म्हणून, कारागिरी म्हणून, आपल्या मुलखाचा एक जुना दस्तऐवज म्हणून पाहावे, ही सवय ना त्यांना लागली ना आपल्याला.

आम्ही म्हणजे तिघे मित्र. एक उर्दू शाळेत इतिहास-भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, एक एसटीतले जुने वाहक, ज्यांना सारा मोहल्ला चाचा म्हणतो, आणि तिसरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचा हिशेब लिहिणारा मुनीम. हे लिखाण तिघांच्या बैठकीतून झाले आहे, तेव्हा लेखणी कुणाच्या हातात आहे ते फारसे महत्त्वाचे नाही. बरोबर मास्तरांची नात होती. ती नववीत. शाळेने 'आपल्या परिसरातील ऐतिहासिक वास्तू' असा प्रकल्प दिलेला. वर्गातल्या निम्म्या मुलींनी नरनाळा घेतला, उरलेल्यांनी अकोल्याचा असदगड. पोरीला वेगळे काही हवे होते. मास्तर म्हणाले, "चल, लासूरला जाऊ. आनंदेश्वराचे देऊळ पाहू. चाळीस वर्षे शिकवले, पाहिले मात्र नाही."

घरातून विरोध झालाच. बाईमाणसांचा कमी, एका नातलगाचा जास्त. बुतखान्यात मुलीला कशाला नेता, असा त्यांचा मुद्दा. मास्तरांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाले, की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा, असे कुराणात एकदा नाही, अनेकदा सांगितले आहे. आणि अल-बिरुनी हजार वर्षांपूर्वी संस्कृत शिकून हिंदूंच्या धर्मावर आणि शास्त्रांवर अख्खा ग्रंथ लिहून गेला, त्याचा ईमान काही डळमळला नाही. पाहणे वेगळे, पूजणे वेगळे. नातलगाचे समाधान झाले असे दिसले नाही. पण गाडी ठरली होती.

अकोल्याहून म्हैसांगमार्गे दर्यापूरकडे जाणारा रस्ता. डिसेंबरचे दिवस. कपाशीची वेचणी चालू, तुरीला शेंगा धरलेल्या, मधूनमधून हरभऱ्याचे हिरवे तुकडे. चाचांना या रस्त्याचा प्रत्येक थांबा पाठ. इथे एक बाई रोज दह्याचे गाडगे घेऊन चढायची, तिथे पुरात गाडी चार तास उभी राहिली, असे चालू. पूर्णा ओलांडली. नदीचे पात्र खोल, काठ मातीचे, उभे कापल्यासारखे. दगड म्हणून औषधाला नाही.

हा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना तो पसरलेला आहे. वरची जमीन काळी, कसदार, आणि खालचे पाणी खारे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिकाला दिले की जमीन बिघडते आणि माणसाने प्यायले की मूत्रपिंडाची दुखणी मागे लागतात. त्यामुळे शेती पावसाच्या भरवशावर. गोड पाणी हे इथे तेलतुपासारखे जपून वापरायचे. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

भूगोलाचे मास्तर असल्यामुळे त्यांनी गाडीतच पोरीला प्रश्न टाकला: "इथे माती किती खोल आहे माहीत आहे? शेकडो फूट. नदीने लाखो वर्षे आणून टाकलेला गाळ. मग देवळाचा दगड कुठून आला असेल?" पोरगी खिडकीबाहेर पाहत राहिली. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसत होती. "वहाँ से?" तिने विचारले. सातपुड्यातून नाही तर दक्षिणेच्या अजिंठ्याच्या डोंगररांगेतून. तिसरी जागा नाही. एकेक दगड बैलांच्या गाड्यावर, काळ्या मातीतून. पावसाळ्यात ही माती माणसाचे जोडे काढून घेते. म्हणजे दगड वाहायचा तर दिवाळीनंतर, जमीन वाळल्यावर. मुनीम हिशेबी माणूस, त्याने मनातल्या मनात गाड्या मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

लासूर गाव लहान, शांत. अमरावती जिल्हा, दर्यापूर तालुका; दर्यापूर इथून बारा-तेरा किलोमीटर. दुपारच्या वेळी माणसे शेतात, पारावर दोन म्हातारे आणि एक झोपलेले कुत्रे. देऊळ उंचवट्यावर आहे. लांबून पाहिले तर देऊळ वाटत नाही, कारण शिखर नाही. काळ्या दगडाची एक बसकी, जड, घट्ट वास्तू. जवळ गेल्यावर कळते की हा जडपणा लांबूनच आहे. भिंतींना कोनामागून कोन काढले आहेत, उन्हाची सावली त्या कोनांत पडते आणि दगडाला घड्या पडल्यासारखे दिसते.

पायऱ्यांशी आम्ही थबकलो. मुनीमाच्या डोक्याला टोपी, मास्तरांची दाढी पांढरीशुभ्र, पोरीच्या डोक्यावर ओढणी. लपण्यासारखे काही नव्हते आणि लपायचेही नव्हते. एक म्हातारी देवळाच्या ओट्यावर वाती वळत बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिले.

"कोठचे व्हा जी तुमी?"

"अकोल्याचे, माय. देऊळ पाह्याले आलो," चाचा म्हणाले. एसटीतली सारी हयात खेड्यांत गेल्यामुळे चाचांची वऱ्हाडी तिच्याइतकीच पक्की.

"मंग भायेर काहून उभे राह्यले? चपला काढा न् या. पोरगी उन्हात उभी हाय."

एवढेच. ज्या प्रसंगाची आम्ही चार दिवस मनात तालीम केली होती, तो एवढ्यात संपला. मुनीमाने टोपीला हात लावून विचारले, ही काढायची का? म्हातारी हसली. "देवळात उघड्या डोक्यानं जा असं कोन सांगतलं? आमचे म्हातारे बी टोपी घालूनच येत."

आत पाऊल टाकले आणि पहिली नजर वर गेली. सभामंडपाच्या मधोमध छत नाही. गोल उघडे आकाश. खांबांवर तुळया, तुळयांवर दगडाचे थर, आणि वर एक नितळ निळी थाळी. दुपारचे ऊन त्या गोलातून सरळ खाली येऊन फरशीवर पडले होते आणि बाकीचा मंडप अंधारात. पोरगी त्या उजेडात जाऊन उभी राहिली आणि गिरकी घेतली. मास्तरांनी तिला रागावायला तोंड उघडले, म्हातारीनेच हाताने राहू द्या म्हटले.

खांबांविषयी थोडे लिहायला हवे. एक खांब तळाशी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल, मग पुन्हा चौकोनी. त्यावर फुलांची, साखळ्यांची, झिजत आलेल्या आकृत्यांची नक्षी. हात फिरवला तर बोटाला दगडाचे सांधे लागतात पण त्यांत चुना लागत नाही. या पद्धतीत चुना नाहीच. दगडाला खोबण, दुसऱ्याला खुंटी, आणि बाकी सारा भार वजनावर. वरचा दगड खालच्याला दाबून धरतो. छत करायचे तर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकायचे, म्हणजे आत लहान चौकोन उरतो. त्यावर पुन्हा तिरपे, आणखी लहान. कमान नाही. कमान आणि चुना आपल्या बाजूच्या बांधकामात आले. मास्तर पोरीला हे समजावत होते तेव्हा मुनीम गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी उभा राहून आत पाहत होता. आत शिवलिंग, त्यावर बेलाची पाने, समईचा बारीक उजेड. तो उंबरठ्याच्या आत गेला नाही. कुणी अडवले नव्हते. त्याने स्वतःच ती रेघ आखली, आणि आम्हा बाकीच्यांनाही ती योग्य वाटली. दुसऱ्याच्या इबादतीची जागा आहे. पाहुण्याने कुठवर जायचे हे पाहुण्याला कळले पाहिजे.

तेवढ्यात गावातला एक तरुण आला. हातात मोबाइल, बोलायला चांगला. शहरातली माणसे आली म्हणून माहिती सांगू लागला. यादवांच्या काळचे, हेमाडपंती, वगैरे. मग वर बोट करून म्हणाला, "हे वरतं कळस होता. औरंगजेबानं फोडला." म्हणाला आणि मग त्याची नजर आमच्यावरून फिरली आणि तो थांबला. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, हे त्याच्या गोंधळावरूनच दिसले. त्याने लहानपणापासून जे ऐकले ते सांगितले.

पोरगी उजेडातून बाजूला झाली. थोड्या वेळाने आजोबांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "नाना, ये अपन ने तोड़ा क्या?"

हा प्रश्न येणार हे आम्हा तिघांनाही घरून निघतानाच माहीत होते. आपल्या घरातल्या प्रत्येक मुलाला तो कधीतरी पडतो. शाळेत कुणी म्हणते, बसमध्ये कुणी म्हणते, आता तर मोबाइलवर रोजच येतो. आणि आपल्याकडे त्याची दोनच ठरलेली उत्तरे आहेत. एक, सगळे खोटे आहे. दुसरे, होय फोडले, मग? दोन्ही उत्तरांनी मूल गप्प होते, त्याचे समाधान होत नाही.

मास्तरांनी घाई केली नाही. आधी त्या तरुणाला जवळ बोलावले. म्हणाले, "भाऊ, वर नीट पाहा. फुटलेले छत असे गोल राहते का? पडलेल्या दगडांचे तोंड वेडेवाकडे राहते. हे मुद्दाम ठेवलेले दिसते. कोल्हापूर जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराचे देऊळ आहे, तिथेही असेच गोल उघडे छत आहे. स्वर्गमंडप म्हणतात त्याला. दूरदूरचे लोक ते पाहायला जातात. तुमच्या गावात तसेच आहे आणि तुम्ही ते फुटके म्हणून दाखवता."

तरुण वर पाहत राहिला. "असन बी," तो म्हणाला. "पन आमाले तं आजापासून हेच सांगतलं." मग जरा वेळाने, "खिद्रापूर म्हनता? पाह्यतो." आणि त्याने तिथेच मोबाइलवर शोधायला घेतले. त्याचे मत बदलले की नाही, आम्हाला सांगता येणार नाही.

मग मास्तर नातीकडे वळले. त्यांनी जे सांगितले ते आम्ही दोघांनी ऐकले, म्हणून लिहितो. अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये याच वऱ्हाडातून, एलिचपुरावरून देवगिरीवर गेला. तेव्हा तो सुलतान नव्हता, पैशाची गरज असलेला एक महत्त्वाकांक्षी पुतण्या आणि जावई होता. १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपले. त्या धामधुमीत आणि नंतरही फौजांनी देवळे लुटली, फोडली. त्याच्या नोंदी आपल्याच तवारिखकारांनी फारसीत, तेही अभिमानाने केल्या आहेत. ते लपवून उपयोग नाही. हे विशिष्ट देऊळ कुणी फोडले, किंवा फोडलेच की नाही, ते दगडाकडे पाहून ठरवायचे, ऐकीव गोष्टीवरून नाही. एवढे बोलून त्यांनी काश्मीरच्या हर्ष राजाचे उदाहरण काढले, ज्याने अकराव्या शतकात धातूसाठी देवांच्या मूर्ती वितळवल्या आणि ज्याची हकीगत कल्हणाने लिहून ठेवली आहे.

इथे चाचांनी त्यांना तोडले. "मास्तर, ते राहू द्या. तुम्ही फोडले, त्यांनीही फोडले, फिट्टंफाट, हा हिशेब पोरीला शिकवू नका. एकाच्या चोरीने दुसऱ्याची चोरी माफ होत नाही." मास्तर गप्प झाले. चाचांचे म्हणणे आम्हाला पटले. हर्षाचे उदाहरण खरे आहे, इतिहासाच्या तासाला ते सांगावेही. पण त्या मंडपात, त्या म्हातारीसमोर, ते वकिली युक्तिवादासारखे वाटले.

पोरीचे मात्र भलतीकडेच लक्ष होते. तिने विचारले, "लेकिन नाना, 'अपन' मतलब कौन? हम उस टाइम कहाँ थे?"

याचे उत्तर चाचांनी दिले, आणि ते उत्तर आम्ही अजून विसरलेलो नाही. ते म्हणाले, "बेटा, हम यहीं थे. या काळ्या मातीत. तुझ्या नानाच्या नानाचा नाना काही अरबस्तानातून घोड्यावर आला नाही. दगड घडवणारा असेल, कापूस पिंजणारा असेल, मागावर बसणारा असेल. कदाचित सातपुड्यातून या गाड्या हाकत आला असेल. या देवळाच्या पायऱ्या त्याने चढल्या असतील, नाही तर जात आडवी आली म्हणून खालीच उभा राहिला असेल."

मुनीम म्हणाला, "आणि ज्याने फोडले असेल त्याने तुझ्या त्या नानालाही लुटले असेल."

वऱ्हाडात राहणाऱ्याला यात नवल काही नाही. आपल्याकडे मुसलमान देशमुख आहेत, मुसलमान पाटील आहेत. मुसलमान झाले पण वतन राहिले आणि आडनाव राहिले. लग्नात हळद राहिली. घरात आपण जी बोली बोलतो ती उत्तरेच्या पाहुण्याला कळत नाही, कारण तिच्यात अर्धी वऱ्हाडी मिसळलेली. आपले काही पूर्वज बाहेरून आले, हेही खरेच. सुभेदारांबरोबर, नवाबांबरोबर, सूफींबरोबर. पण खेड्यापाड्यांतल्या पिंजाऱ्या-मोमिनांचे, अतार-मुलाण्यांचे मूळ शोधत गेले तर ते बहुतेक पूर्णेच्या काठाशीच निघेल. तरी 'आपण' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडेस्वारच का येतो, दगड वाहणारा का येत नाही? दुसऱ्यांनी आपल्याला घोडेस्वार ठरवले, आणि आपल्यालाही ते मनातून जरा आवडले, असे आम्हाला वाटते.

निघायच्या वेळी म्हातारीने साखर-फुटाणे हातावर ठेवले. हा क्षण प्रत्येक मुसलमान वाचकाला ठाऊक आहे. चाचांनी बिस्मिल्ला म्हणून तोंडात टाकले. मास्तरांनी मुठीत धरले. मुनीमाने खिशात ठेवले. पोरगी तिघांकडे पाहत राहिली, कारण तीन वडीलधाऱ्यांनी तीन गोष्टी केल्या होत्या. कोण बरोबर, यावर परतीच्या वाटेवर भरपूर चर्चा झाली, ती इथे देत नाही. ज्याचा त्याचा प्रश्न. म्हातारीने मात्र सगळे पाहिले होते. मुनीमाला म्हणाली, "खिशात ठेवलं तं ठेवू द्या जी. घरी लेकरायले द्या."

जोहरची वेळ झाली होती. देवळापासून थोडे दूर, एका कडुलिंबाखाली नमाज पढावी असे ठरले. वुजूसाठी पाणी हवे होते. शेजारी बोअरचा पंप होता. म्हातारीला विचारले तर ती उठलीच. "ते खारं हाय. तुमी तोंडात घेता न् पानी? थांबा." घरी जाऊन तिने स्टीलची कळशी आणली, पिण्याच्या पाण्याची. मास्तर संकोचले. खारे पाणी वुजूला चालते, समुद्राच्या पाण्यानेही वुजू होते, असे त्यांनी तिला मराठीत समजावून सांगितले. ती म्हणाली, "चालत असन. पन पाहुन्याले खारं पानी कसं देऊ?"

या पट्ट्यात गोड पाण्याच्या कळशीची किंमत काय, ते वर लिहिले आहे. आम्ही चौघांनी एका तांब्यात वुजू केले. थेंब सांडू दिला नाही.

याच पूर्णेच्या काठी वरच्या अंगाला ऋणमोचन आहे. गाडगेबाबांनी आपल्या कामाची सुरुवात तिथल्या घाटापासून केली. ते स्वतः देवळात जात नसत, बाहेर खराट्याने झाडत. त्यांचे बालपण मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात, मामाच्या घरी, याच खाऱ्या मुलखात गेले. चाचांना गाडगेबाबांचे फार प्रेम. "माझ्यासारखाच," ते म्हणतात, "देवळाच्या बाहेरचा माणूस."

घरी आल्यावर पोरीने प्रकल्पासाठी आजोबांची कपाटे उपसली. तेव्हा एक गंमत हाती लागली. अबुल फजलने 'आइने अकबरी'त वऱ्हाडावर पाने लिहिली आहेत. या मुलखाचे मूळ नाव वरदातट, म्हणजे वर्धा नदीचा तट, असे तो सांगतो. आणि लोणारविषयी लिहिताना, ही मोठी पवित्र जागा आहे, ब्राह्मण हिला विष्णुगया म्हणतात, असे नोंदवतो. आणि लगेच पुढे, तिथल्या खाऱ्या पाण्यातून काच आणि साबणासाठी लागणारा क्षार निघतो व त्यापासून चांगला महसूल मिळतो, हेही. आम्हाला हे वाक्याला वाक्य लागून येणे फार आवडले. ना तिरस्कार, ना उगाच गोडवे. लोक काय मानतात ते लिहिले, जमीन काय देते ते लिहिले.

गाविलगडचेही असेच. फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक, जन्माने विजयनगरकडचा ब्राह्मण होता असे फिरिश्ता लिहितो. लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला. गाविलगडाच्या दरवाजावर त्याच्या काळचा गंडभेरुंड कोरलेला आहे, नखांत हत्ती धरलेला दोन तोंडांचा पक्षी. हे दक्षिणेतल्या हिंदू राजांचे जुने चिन्ह. आणि बाळापूर? किल्ला मुसलमान सुभेदारांचा आणि नवाबांचा, नाव बाळादेवीचे. ज्याने किल्ला पुरा केला त्याने नाव बदलले नाही.

पुढच्या आठवड्यात बार्शीटाकळीला गेलो. हे अकोल्यापासून वीसेक किलोमीटर, तालुक्याचे गाव, आणि आपली वस्ती मोठी. कालंका देवीचे देऊळ विचारले तर टोपी घातलेल्या दोन मुलांनी सायकल वळवून वाट दाखवली. तिथे कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. मुले रोज त्या बाजूने शाळेत जातात. शेजारून अजान येत होती आणि देवळात घंटा वाजत होती, आणि दोन्हींकडे कुणाचे लक्ष नव्हते.

या देवळाच्या शिलालेखात शके १०९८ आहे. म्हणजे इसवी सनाचे ११७६. आता गंमत पाहा. देऊळ हेमाडपंती म्हणून सांगतात. पण हेमाद्री पंडित हा यादवांच्या महादेव आणि रामदेव या राजांचा मंत्री. महादेव गादीवर आला १२६१ च्या सुमारास. म्हणजे हेमाडपंताच्या कारकिर्दीच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षे आधीच हे देऊळ उभे होते. पोरीने वहीत वजाबाकी करून दोनदा तपासले. "फिर इसको हेमाडपंती क्यों बोलते?" कारण बिनचुन्याच्या जुन्या दगडी कामाला एकदा ते नाव चिकटले, की सगळ्यांना तेच. बांधले ते हेमाडपंताने, नाही तर पांडवांनी एका रात्रीत. फुटले ते औरंगजेबाने. मधल्या पाचशे वर्षांतले पाऊस, पिंपळाची मुळे, घरासाठी दगड नेणारे गावकरी, यांना कुणी धरतच नाही.

या देवळाची बाहेरची आखणी ताऱ्यासारखी आहे. पोरीने भूमितीची पेटी आणली होती. एक चौकोन काढला, तो थोडा फिरवून दुसरा काढला, मग तिसरा. सगळ्यांची टोके धरली तर देवळाच्या भिंतीचे कोन तयार होतात. दोनच चौकोन ठेवले तर आठ टोकांचा तारा, जो आपल्या जाळ्यांवर आणि कुराणाच्या जिल्दांवर असतो. ती मास्तरांना वही दाखवत राहिली. कुणी कुणाचे घेतले असे यातून सिद्ध होत नाही. चौकोन फिरवला की तारा होतो, तो कुणीही फिरवावा. पण तिला झालेला आनंद खरा होता.

एक तक्रार मात्र लिहून ठेवायला हवी. दोन्ही देवळे आज पाहणाऱ्यांवाचून पडली आहेत. मोठ्या देवस्थानांना रांगा लागतात, आणि साडेआठशे वर्षांचा दगड इथे पाली आणि पारव्यांच्या स्वाधीन. मूर्तिजापूरवरून अचलपूरला जाणारी छोटी शकुंतला गाडी दर्यापूरच्या बनोसा ठेशनावर थांबायची, तीही आता बंद. वास्तू टिकायची तर तिला माणसांचे येणेजाणे लागते, आणि त्यात आपल्या माणसांनी का नसावे?

पोरीच्या प्रकल्पाला वर्गात बरे गुण मिळाले. एका मैत्रिणीने विचारले, तुला आत जाऊ दिले का? तिने कळशीची गोष्ट सांगितली. आता बार्शीटाकळी तालुक्यातच पिंजरला एक जुने देऊळ आहे, तिथे जायचे चालले आहे. मुनीम म्हणतो, जिनिंगचा हंगाम संपू द्या. चाचा म्हणतात, उन्हाळा लागायच्या आत जाऊ. मास्तरांनी पन्नास फुटी मोजपट्टी विकत आणून ठेवली आहे.